‘पाटी’ : एका जाड देवनागरी फॉन्टच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४, सांगली

आजपासून ‘पाटी’चं काम. दुकानांच्या बोर्डांसाठी जाड सॅन्स-सेरिफ (रेघांच्या टोकांना फुलोरा नसलेला) फॉन्ट, देवनागरी आणि रोमन दोन्ही लिप्यांत, एकाच वजनाचा. बारीक, मध्यम, ठळक असा गोतावळा करायचा नाही. मजकूर लावायला मुक्ता आहे, पॉपिन्स आहे. जाडजूड देवनागरी हवी तर ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मोदक आणि बलू आहेत. मोदकात अक्षराच्या पोटातली पोकळी चिरेएवढी उरते, तीच त्याची मजा. पण नळ-फिटिंगच्या दुकानावर तो लाडिकपणा चालत नाही. मला हवंय ते सरळ बांध्याचं अक्षर, रस्त्याच्या पलीकडून वाचता येणारं आणि कापायला सोपं.

निमित्त कायद्याचं. मार्च २०२२मध्ये दुकाने व आस्थापना अधिनियमात दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकानंही मराठी पाटीच्या नियमात आली आणि मराठी अक्षरांचा आकार इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नको, असं त्यात आलं. सप्टेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. त्यानंतर जे बोर्ड लागले ते आता गणपती पेठेत ओळीने बघायला मिळतात. बहुतेक ठिकाणी मराठी आणि इंग्रजी एकाच पॉइंटात लावलंय, म्हणजे नियम पाळलाय. तरी मराठी लहानच दिसतं.

त्यात बोर्डवाल्याची काही लबाडी नाही. रोमन कॅपिटल अक्षर फॉन्टच्या उंचीतला साधारण सत्तर टक्के भाग खातं. देवनागरीला वर मात्रा-वेलांटीसाठी आणि खाली उकारासाठी जागा राखावी लागते, त्यामुळे ‘क’चं अंग त्याहून आखूड राहतं. कागदावर दोन्ही सारखे, भिंतीवर एक ठेंगणा.

९ जून

उंची ठरवली. फॉन्टमधलं अक्षर ज्या काल्पनिक चौकोनात काढतात त्याची उंची हजार युनिट धरतात; त्या चौकात रोमन कॅपिटल ७००. देवनागरी शिरोरेषेची वरची कडसुद्धा ७००. दोन लिप्यांच्या फॉन्टमध्ये शिरोरेषा सहसा कॅपिटलच्या जराशी खाली ठेवतात, कारण रोमनच्या छोट्या अक्षरांशीही जमवून घ्यायचं असतं. पाटीवर छोटी अक्षरं फारशी येतच नाहीत. ‘हार्डवेअर’खाली इंग्रजी येतं ते कॅपिटलांत. तेव्हा दोघांच्या टाळू एका रेषेत.

याची किंमत वर मोजावी लागणार. शिरोरेषेच्या वर उरले २६० युनिट. मात्रा, दोन मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, अर्धचंद्र यांनी त्यातच राहायचं, तेही जाड होऊन. इथून पुढचं सगळं काम या २६०मध्ये अडकणार असं दिसतंय.

दंड १७० जाड, शिरोरेषा ११५. दोन्ही सारखे ठेवले की अक्षर खाली दबतं. ‘ई’, ‘झ’, ‘ढ’, ‘ह’ बघा: शिरोरेषेपासून तळापर्यंत आडव्या रेघा एकावर एक. उभ्या रेघेला जाड व्हायला बाजूला मोकळं रान असतं, आडव्यांना ७०० मध्येच वाटणी करून घ्यावी लागते. रोमनमध्ये ही अडचण E, S, B अशा मोजक्या अक्षरांपुरती आहे. आपल्याकडे अर्ध्या वर्णमालेची.

१८ जून

चाचणीचे शब्द गोळा केले. फॉन्ट तपासायला नेहमी जी जोडाक्षरं घेतात, द्ध, द्व, ह्म, ङ्क, ती पाटीवर क्वचित. पेठेतून फिरताना जे दिसलं ते असं: इलेक्ट्रिकल्स, ज्वेलर्स, स्वीट्स, ड्रायफ्रूट्स, ऑटोमोबाईल्स, कॅटरिंग, सर्व्हिसिंग, मेडिकल, ॲग्रो, एंटरप्रायझेस. मधूनच एखादं ‘वस्त्र भांडार’ आणि ‘किराणा भुसार’. पाटीवरची मराठी म्हणजे देवनागरीत लिहिलेलं इंग्रजी, यावर ज्याला नाक मुरडायचंय त्याने मुरडावं. मला त्यातून कामाचं एवढंच कळतं की ट्र, ड्र, ट्स, ल्स, र्स, व्ह, ॉ आणि ॅ यांच्यावर जास्त वेळ घालवायचा. ‘ङ्क’ होईल सावकाश.

‘ट’ आणि ‘ड’ अर्धे होत नाहीत. ‘स्वीट्स’मधला ट पाय मोडूनच लिहायचा. तो पाय जाड केला की खालच्या ओळीतल्या फोन नंबरवर पडतो, म्हणून तो आखूड, जवळजवळ आडवा, आणि ट च्या पोटाखाली जी मोकळी जागा असते तिच्यात शिरलेला. ट्र चा रकारही तिथेच.

२ जुलै

गाठी. म, भ, न यांच्या गाठी भरीव केल्या. एवढ्या जाडीत गाठीला भोक ठेवलं तर ते टाचणीच्या टोकाएवढं राहतं आणि छपाईत बुजतं. बुजायचंच असेल तर आधीच बुजवलेलं बरं, निदान आकार माझ्या हातात राहील.

भोक गेलं की नवीन भानगड सुरू होते. भ आणि म यांच्यात मग फरक उरतो डाव्या बाजूच्या वळणाचा आणि तिथे शिरोरेषा तुटते त्या फटीचा. जाड फॉन्टमध्ये सगळ्यात आधी फटीच बुजतात. ‘वस्त्र भांडार’ची चिठ्ठी पन्नास फुटांवर चिकटवून भाच्याला वाचायला लावली. त्याने ‘मांडार’ वाचलं आणि विचारलं, “मामा, मांडार म्हणजे काय?” ध आणि घ चीही तीच कथा.

उपाय म्हणून फट रुंद केली, ७० युनिट. शिवाय भ चं डावं वळण शिरोरेषेच्या वर २० युनिट काढलं. सुट्ट्या अक्षरात ते किंचित उद्धट दिसतं, शब्दात कळतही नाही. लांबून मात्र भ चा भ होतो. ध लाही तसंच. घ ची शिरोरेषा डावीकडे पूर्ण टोकापर्यंत ताणली.

१९ जुलै

शिरोरेषाच काढून टाक, असं एका मित्राने सुचवलं. ११५ युनिट सुटतील, अक्षरं मोकळी होतील, आणि मराठीत तशी परंपराही आहे. परंपरा आहे खरी. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी जी शीर्षकं रेखाटली त्यांत शिरोरेषा कधी असायची, कधी नसायची, कधी शब्दाच्या अर्थाप्रमाणे वाकायची. चारच अक्षरांत प्रत्येक नाटकाला त्यांनी वेगळा चेहरा दिला. पण त्यांना शब्द आधी माहीत असायचा. कुठलं अक्षर कुणाशेजारी येणार हे ठाऊक असलं की शिरोरेषेवाचून चालतं, डोळा त्या शेजारातून शब्द बांधतो. फॉन्टला पुढचं अक्षर कुठलं येईल याचा पत्ता नसतो. ‘रवा’ आणि ‘खा’ ही जोडी शिरोरेषेशिवाय, जाड वजनात, किराणा दुकानाच्या पाटीवर लावून बघावी.

आणखी एक कारण बोर्डवाल्याचं आहे. शिरोरेषेने अख्खा शब्द एका तुकड्यात येतो. सुटी अक्षरं भिंतीवर एका ओळीत बसवायची म्हणजे दोरा धरायला दुसरा माणूस लागतो.

शिरोरेषा राहणार.

६ ऑगस्ट

दोन आठवडे ‘सर्व्हिसिंग’ या एका शब्दात गेले असं म्हटलं तरी चालेल.

त्यातला ‘र्व्हि’ बघा. लिहिताना पहिली वेलांटी आधी येते, तिची कमान ‘व्ह’ ओलांडून ह पर्यंत जाते, आणि रफारही त्याच ह वर उतरतो. म्हणजे २६० युनिटांत वेलांटीची कमान संपते तिथेच रफाराचा आकडा सुरू होतो. दोघंही जाड. लगेच शेजारी ‘सिं’, तिथे पुन्हा कमान आणि वर अनुस्वार. नेहमीच्या पद्धतीने जोडलं तर शब्दाच्या डोक्यावर काळा ढिगारा दिसतो.

आधी कमानीचं बघितलं. पहिल्या वेलांटीची एकच रुंदी ठेवून भागत नाही. ‘रि’ ला आखूड कमान, ‘कि’ ला मोठी, ‘व्हि’ ला त्याहून मोठी, आणि ‘इलेक्ट्रिकल्स’मधल्या ‘क्ट्रि’ला सगळ्यात लांब. पातळ फॉन्टमध्ये कमान थोडी आखूड पडली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. जाडमध्ये ती मधेच तुटलेल्या कठड्यासारखी दिसते. सात रुंद्या केल्या. कुठल्या अक्षरगटाला कुठली कमान, हे फॉन्टच्या आतल्या नियमांत लिहिलं, वापरणाऱ्याला काही करावं लागत नाही.

मग रफार. सुटा रफार जसा गोल वळतो तसा वेलांटीवर बसवला तर २६०च्या बाहेर जातो. म्हणून ‘कमान अधिक रफार’ असं एकच चिन्ह काढलं: कमान उजवीकडे खाली न उतरता चपटी होते आणि तिच्याच टोकातून रफाराचा छोटा आकडा निघतो. मधे ४५ युनिटांची पांढरी चीर, दोन्ही वेगळे कळावेत इतपत. अनुस्वारालाही या वर्दळीत गोल राहणं परवडत नाही, म्हणून तो गोलसर चौकोन केला. तेवढ्याच उंचीत चौकोनात काळं जास्त मावतं आणि लांबून टिंब नीट दिसतं.

आता शब्दाचा माथा जवळजवळ सपाट येतो. जाड देवनागरीत मला हेच हवं होतं. सुलेखनातली मात्रा पंखासारखी वर झेपावते, बोरूच्या कापातून ती तशी आपसूक येते, सुंदर दिसते. पाटीच्या चौकटीला ती अडते. बोर्डाचा भाव चौरस फुटावर असतो. मात्रा दोन इंच वर गेली की तेवढी पट्टी गिऱ्हाईकाच्या बिलात चढते, किंवा बोर्डवाला अख्खं नावच बारीक करतो. दुसऱ्या प्रकारात नुकसान माझ्या फॉन्टचं.

२० ऑगस्ट

‘गिऱ्हाईक’, ‘कऱ्हाड’. ऱ्ह मधला अर्धा र म्हणजे बारीकशी कोयरी. तिला १७० जाडी दिली की ती कोयरी न राहता गोटा होते. तिची जाडी मधे १२० आणि टोकांना ९० केली, शिरोरेषेपासून थोडं खाली आणली, आणि ह च्या मानेत शिरायला ह चा डावा खांदा कापला. हे रूप मराठीत रोज लागतं, हिंदीला त्याची गरज पडत नाही, त्यामुळे बऱ्याच फॉन्टमध्ये ते नुसतं नियम म्हणून असतं, काढलेलं नसतं. कोयरी युनिकोडमध्ये (संगणकावर प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) दोन तऱ्हांनी टाइप होते, दोन्ही चालतील असं केलं. ‘ॲ’चंही तेच. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली २००८मध्ये. त्याआधीच्या सवयीने अ, मग न दिसणारा जोडक, मग अर्धचंद्र असं टाइप करणारे अजून आहेत. ‘ॲग्रो’ सगळ्यांचा सारखा दिसला पाहिजे.

ल आणि श. फॉन्टमध्ये हिंदी वळणाचा ल-श मूळ म्हणून ठेवायचा आणि भाषा ‘मराठी’ निवडली की मराठी वळण आणायचं, असा प्रघात आहे. व्यवहारात बोर्डाच्या दुकानात भाषा कुणीही निवडत नाही. ती सोय कुठल्या मेन्यूत असते हेही माहीत नसतं. म्हणून ‘पाटी’त उलटं: मूळ रूप मराठी, पाकळीचा ल आणि देठाचा श, हिंदी हवी असणाऱ्याने मेन्यूत जावं. आकड्यांतही ५, ८, ९ मराठी वळणाचे.

१२ सप्टेंबर

गणपतीचे दिवस. बोर्डवाले अण्णा फ्लेक्समध्ये बुडालेत, फोन उचलत नाहीत. तोवर रोमन.

रोमनमध्ये जाड सॅन्स-सेरिफचा इतिहास लांबलचक आहे. विल्यम कॅझलन चौथा याच्या १८१६च्या नमुन्यात पहिला सॅन्स-सेरिफ छापील खिळा दिसतो, नुसती कॅपिटल. मॉरिस फुलर बेंटनचा फ्रँकलिन गॉथिक १९०२चा, तो आजही म्हातारा वाटत नाही. आणि १९६५चा जेफ्री ली यांचा इम्पॅक्ट, शेफील्डच्या स्टीफन्सन ब्लेकने शिशात ओतलेला, आता तो सगळ्यांना मीममुळे ठाऊक. इम्पॅक्टची युक्ती सोपी आहे: अक्षर अरुंद आणि उंच करा, पोकळीच्या उभ्या चिरा ठेवा, म्हणजे मथळ्याच्या रुंदीत जास्तीत जास्त शाई मावते. देवनागरीला ही युक्ती लावायचा मोह प्रत्येकाला होतो. पण आपल्या अक्षरांची पोकळी आडवी वाटली गेलेली असते. ‘झ’ अरुंद केला तर त्याला चिरा ठेवायलाच जागा राहत नाही. म्हणून ‘पाटी’ची देवनागरी ऐसपैस ठेवली, आणि रोमन तिच्याशी जुळवून घेतं. रोमन दंड १७८, कारण शिरोरेषा नसल्यामुळे त्याच जाडीत रोमन फिकं वाटतं. सहसा रोमन आधी होतं आणि देवनागरी मागून त्याच्या मापात बसवतात, त्याचा थोडा सूडही यात आहे, नाही म्हणत नाही.

५ ऑक्टोबर

मराठीला अभिजात दर्जा मिळाला त्याचे फ्लेक्स चौकात लागलेत. ‘हार्दिक अभिनंदन’. भि ची कमान सगळ्या फ्लेक्सवर आखूड.

१९ ऑक्टोबर

अखेर अण्णांच्या वर्कशॉपमध्ये. ‘महालक्ष्मी इलेक्ट्रिकल्स’ असा काल्पनिक शब्द दोन प्रकारे कापून बघितला. एक: एसीपी शीटमधून (ॲल्युमिनियम-प्लास्टिकच्या पत्र्यातून) अक्षरं राउटरने, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कापायच्या यंत्राने, कोरून काढायची, मागून दुधी ॲक्रिलिक, आत एलईडी. दोन: ॲक्रिलिकची सुटी उठावदार अक्षरं.

पहिल्या प्रकारात अक्षराच्या पोटातलं बेट सुटून खाली पडतं. व, ब, ठ, क सगळ्यांची बेटं गोळा करून ॲक्रिलिकवर परत चिकटवावी लागतात. अण्णांचा पोरगा ती एका ताटलीत ठेवतो आणि कुठलं कुणाचं ते नुसतं बघून ओळखतो. क ची दोन बेटं सारखीच वाटावीत इतकी जवळच्या आकाराची होती. “ह्यातलं डावं कुठलं?” असं त्याने विचारल्यावर डावं गोल आणि उजवं खालून उघडं करायचं ठरलं. उघडं केलं की ते पडतच नाही. डोळ्यालाही ते बरं वाटतं.

राउटरचं पातं तीन मिलिमीटरचं. त्याहून अरुंद चीर सुट्या अक्षरात कापता येत नाही, आणि कोरीव बोर्डात तिथे शीटची अशी बारीक जीभ उरते की पुसताना वाकते. हिशेब केला: दोन इंची अक्षरात ७०० युनिट म्हणजे एकावन्न मिलिमीटर, तीन मिलिमीटर म्हणजे ४१ युनिट. ऑगस्टमध्ये रफाराच्या चिरेला डोळ्याने ४५ दिले होते ते पात्यालाही पुरले. आता फॉन्टभर ४५च्या खाली एकही चीर नाही. आतले कोपरे पातं गोल करतंच, तेव्हा चित्रातही तेवढे गोल केले, म्हणजे छापील आणि कापलेलं सारखं दिसेल.

सगळ्यात कटकट शिरोरेषेची. पडद्यावर दोन अक्षरांमध्ये केसाएवढी फट दिसू नये म्हणून शेजाऱ्यांच्या शिरोरेषा एकमेकींत थोड्या घुसवतात. राउटरला ही घुसलेली कड म्हणजे कापायची रेघ. शब्द ‘वेल्ड’ न करता, म्हणजे सगळी अक्षरं एकाच आकारात न सांधता, पाठवला तर प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर शिरोरेषेत काप. फ्लेक्सवर अक्षरांना बॉर्डर दिली तरी हेच दिसतं. फॉन्टच्या आतून याला उपाय नाही. घुसवण ३० युनिटांवर ठेवली, म्हणजे झूम केल्यावर ठळक दिसते आणि वेल्ड करायचं विसरलं तर पडद्यावरच लक्षात येतं. अण्णांनी भिंतीवर खडूने लिहून ठेवलं: पाटी — वेल्ड.

२६ नोव्हेंबर

निवडणूक झाली, निकाल लागले, विजयाचे फ्लेक्सही संपले, तेव्हा कुठे पुढची चाचणी. तीन वेगवेगळ्या दुकानांना फाइल दिली होती.

एका ठिकाणी रफाराचा माथा छाटला जात होता. फॉन्टच्या फाइलमध्ये वरची-खालची सीमा वेगवेगळ्या तीन जागी लिहिलेली असते आणि प्रत्येक सॉफ्टवेअर आपल्याला हवी ती वाचतं. तिन्ही सारख्या केल्या. ओळींमधलं अंतर त्यामुळे जास्त येतं. पाटीवर दोनच ओळी असतात, हाताने जवळ घेता येतात.

दुसऱ्या ठिकाणी वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसत होती. तिथलं सॉफ्टवेअर इतकं जुनं की युनिकोड देवनागरी त्याला जुळवताच येत नाही; वर्षानुवर्षं जुन्या सांकेतिक फॉन्टवर काम चाललंय, बोटांना तोच कळफलक पाठ आहे. त्यांच्यासाठी फॉन्टची वेगळी जुनी आवृत्ती करावी का, यावर बराच विचार केला. नाही करायची. शब्द माझ्याकडून आकार म्हणून मागवून घ्या, फुकट देतो, असं सांगितलं. तिसऱ्या दुकानात काहीच अडचण आली नाही, त्यामुळे तिथे शिकायलाही काही मिळालं नाही.

१५ डिसेंबर

पहिली खरी पाटी लागली, विश्रामबागला, पंप आणि पाइपच्या दुकानावर. मराठी वर, इंग्रजी खाली, दोन्ही एकाच पॉइंटात. मालकांनी फूटपट्टी लावून बघितली. म्हणाले, “मराठी जरा मोठंच वाटतंय की ओ.” मोजलं तर सारखंच. शिरोरेषेमुळे वाटतं तसं. खटकत असेल तर इंग्रजी वाढवून देतो म्हटलं, तर नको म्हणाले.

‘पाटी’ मुक्त फॉन्ट परवान्याखाली सोडायचा हे पक्कं. फ्लेक्सच्या दुकानात कुठलाही फॉन्ट पेनड्राइव्हवरून हातोहात पोचतो, तर रीतसरच पोचू दे. त्याआधी उरलंय ते: ‘ड्रायफ्रूट्स’मधला ‘फ्रू’, तिथे रकार आणि दुसरा उकार एकाच दंडावर आल्यामुळे तळाला अजून गर्दी आहे, रुपयाचं चिन्ह, त्याच्या दोन आडव्या रेघांत ४५ची चीर बसवायची आहे, आणि ‘ङ्क’.